व्हॉल्व्हच्या टोकावरची रेघ

परवा रात्री साडेआठच्या सुमारास शेडमध्ये एका जुन्या मॅसी 1035 ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड बसवून झालं. पुश रॉड आपापल्या भोकात सोडले, रॉकर शाफ्ट उचलून वर ठेवला, ब्रॅकेटचे नट हाताने धरवले. आरती लगेच फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पट्ट्या, उघडून पुढे झाली. मी म्हटलं, "थांब. गेज ठेव खाली. आधी शेंदूर आण."

आरती आयटीआयला डिझेल मेकॅनिक करून गणपतीनंतर माझ्याकडे शिकायला आली. हात चांगला आहे तिचा. नट कधी वाकडा धरवत नाही, आणि पाना घसरेल असं दिसलं तर ओढायच्या आधीच बदलते. पण शेंदूर ऐकून ती गोंधळली.

"काका, पूजा उद्या सकाळी आहे ना? ट्रॅक्टरवाले अण्णा नारळ घेऊन येणार म्हणाले."

"पूजेला नाही गं. इंजिनला."

आयटीआयमध्ये तिला टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट, शिकवला होता आणि तो तिला पाठ होता. रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर नेमका कुठे टेकतो हे मात्र तिला कोणी कधी दाखवलं नव्हतं. खरं तर बऱ्याच मिस्त्रींनाही नाही. गॅप बरोबर आला की इंजिन बांधून झालं, अशी समजूत सगळीकडे आहे. माझीही होती, आणि त्या समजुतीपायी मी एका माणसाचं ऐन हंगामात नुकसान केलं आहे. त्या रात्री आरतीला जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतो.

आधी इंजिनाबद्दल थोडं. हे इंजिन पर्किन्सच्या 3.152 च्या घराण्यातलं. नावातच सगळं आहे: तीन सिलिंडर आणि 152 घन इंच, म्हणजे जवळपास अडीच लिटर. इंग्लंडमध्ये मॅसी 35 ला हे तीन सिलिंडरचं इंजिन 1959 च्या अखेरीस बसायला लागलं, आणि त्याच रचनेची इंजिनं आपल्याकडे अजून शेतात राबताहेत. कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये. त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुश रॉड, आणि वर हेडवर एक आडवा शाफ्ट, त्यावर सहा रॉकर. पुश रॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो, मधे शाफ्टचा टेकू आहे, त्यामुळे दुसरं टोक खाली येतं आणि व्हॉल्व्हच्या दांडीला दाबतं. या दाबणाऱ्या टोकाला आमच्या शेडमध्ये आम्ही रॉकरचं नाक म्हणतो. नाक सपाट नसतं, त्याला किंचित गोलाई असते. का, ते पुढे सांगतो.

व्हॉल्व्हची दांडी सुमारे आठ मिलिमीटर जाडीची. म्हणजे नाकाला टेकायला जागा आपल्या करंगळीच्या नखाएवढी. कारखान्यावर ऊस वाहणारा ट्रॅक्टर मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर चालला तर एकेक व्हॉल्व्ह दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला साडेसातशे वेळा उघडतो. आठ तास धरले तर दिवसाला 3 लाख 60 हजार वेळा. त्यातली प्रत्येक ठोकर त्या नखाएवढ्या जागेवर बसते. ती मधे बसली तर दांडी सरळ खाली जाते. काठावर बसली तर दरवेळी दांडीला थोडा आडवा रेटा मिळतो, आणि तो रेटा झेलायला तिथे फक्त व्हॉल्व्ह गाइड असते, म्हणजे दांडी जिच्यातून वर-खाली सरकते ती नळी.

आता माझी चूक सांगतो.

पंधरा वर्षं झाली असतील. स्वतःचं शेड घालून मला दोनच वर्षं झाली होती. आमचा हा भाग किर्लोस्करवाडीच्या अंगचा. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला तेव्हापासून इकडे लोखंडाशी नातं असलेली माणसं गावोगाव आहेत. माझे चुलते, नाना, त्यातलेच. आयुष्यभर लेथ चालवला, आणि सुट्टीच्या दिवशी विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायला मला बरोबर न्यायचे. एका सिलिंडरच्या त्या पाणी उपसायच्या इंजिनावर मी शिकलो. त्यात रॉकर दोनच. चुकायचं म्हटलं तरी फार चुकता येत नाही.

तर डिसेंबरात एक गडी असाच तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर घेऊन आला. हेड गॅस्केट गेलेलं. ऊसतोडीची टोळी फडात, ट्रॉल्या भरून उभ्या, आणि त्याचं एकच पालुपद, "उद्या सकाळपर्यंत द्या." मी आणि हेल्पर पोरगा रात्रभर बसलो. हेड उतरवलं, रॉकर शाफ्ट पूर्ण खोलला, सगळं डिझेलच्या परातीत टाकलं, धुतलं, परत बांधलं. पहाटे गॅप लावला, बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश, 0.30 मिमी, इंजिन थंड असताना इनलेट आणि एग्झॉस्ट दोन्हींना तोच. गाडी चालू झाली. आवाज गोड. सात वाजता ट्रॅक्टर फडाकडे गेला आणि मी तिथेच बाकावर झोपलो.

अठरा-वीस दिवसांनी तो परत आला. "मिस्त्री, टकटक येतंय." मी कव्हर काढून गेज घातला. सहाच्या सहा व्हॉल्व्ह बारावर. शेवटच्या सिलिंडरच्या एका रॉकरला गेज जरा कधी सैल, कधी घट्ट लागत होता. मी पुन्हा स्क्रू फिरवला, नट आवळला, लावून दिलं. आठ दिवसांनी पुन्हा तीच टकटक, आणि आता धूरही निळसर. तेल कमी होतंय म्हणाला. मी पिस्टनच्या रिंगांवर संशय घेतला. लायनर-पिस्टन काढायचा विषय सुद्धा त्याच्यापाशी काढला होता. त्या गड्याने बायकोचे दागिने ठेवायची तयारी केली होती, हे मला नंतर कळलं.

त्याच संध्याकाळी नाना सहज शेडवर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला, बॅटरी मागितली आणि उघड्या रॉकरवर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आरं, गेज काय घालतुयास? डोळ्यानं बघ की आदी. ह्यो वॉलवर बसलाय का वॉलच्या शेजारी?"

मी बघितलं. शेवटचा रॉकर बाकीच्यांपेक्षा बाहेर सरकलेला होता. फार नाही, दीड मिलिमीटर असेल. रॉकर उचलून बाजूला धरला आणि दांडीचं टोक पुसलं. टोकाच्या एका काठाला बीजेच्या चंद्राएवढी बारीक कोर चकाकत होती, उरलेला सगळा भाग काळा. त्या एवढ्याशा कोरीवर पंचवीस-तीस दिवस सगळी ठोकर बसत होती.

कारण अगदी साधं निघालं. शाफ्टच्या टोकाला सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी कडी असते, तिच्या आत एक वायसर, मग रॉकर, मग स्प्रिंग, मग ब्रॅकेट. स्प्रिंग रॉकरला बाहेर रेटत असते आणि वायसर-सर्क्लिप त्याला अडवून जागेवर ठेवतात. मी ते वायसर घातलंच नव्हतं. स्प्रिंगने रॉकर वायसरच्या जाडीएवढा बाहेर ढकलला. वायसर कुठे गेलं म्हणून शेडच्या मागे, जिथे घाण डिझेल ओततो तिथली माती चाळली. सापडलं. परातीच्या तळाच्या गाळात बसलं असणार आणि मी न बघता ओतून दिलं असणार.

हेड पुन्हा उतरवलं. त्या व्हॉल्व्हचं गाइड गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं. दांडी धरून हलवली की उघड डुलत होती. एग्झॉस्टचं गाइड होतं, वरचं तेल त्यातूनच झिरपून जळत होतं, म्हणून तो धूर. रिंगा ठणठणीत होत्या. दांडीच्या टोकाला काठावर ठोकर बसून बर, म्हणजे धारदार कंगोरा, फुटली होती. ती बर आधी तेलदगडावर घासून काढली आणि मगच व्हॉल्व्ह बाहेर ओढला. नाहीतर ती गाइडला आतून ओरखडत जाते, आणि चांगलं गाइड असलं तरी वाया जातं. नवं गाइड, नवा व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्ह मिटल्यावर जिथे टेकतो ती सीट पुन्हा कापली. एक पैसा घेतला नाही. पण त्याचे ऊस वाहायचे दिवस गेले ते गेलेच, ते मला कुठून भरून देता येणार होते?

तेव्हापासून परातीतलं डिझेल मी धोतराच्या फडक्यातून गाळल्याशिवाय ओतत नाही. आणि शेंदूर लावल्याशिवाय गेज हातात घेत नाही.

शेंदूर ही नानांचीच शिकवण. शेंदूर म्हणजे शिशाच्या ऑक्साइडची भुकटी, गोड्या तेलाच्या दोन थेंबांत कालवली की पातळ लेप होतो. बेअरिंग नीट टेकतंय का, दोन सपाट तोंडं एकमेकांना सगळीकडे लागताहेत का, हे बघायला जुने फिटर हाच लेप वापरायचे. आता निळी मार्किंगची ट्यूब मिळते, आणि काहीच नसेल तर जाड टोकाचं मार्कर पेनही चालतं. मी अजून शेंदूरच वापरतो. निळ्यापेक्षा काळपट लोखंडावर तो चटकन दिसतो. मात्र शिसं विषारी आहे. काम झालं की हात साबणाने स्वच्छ धुवायचे, त्या हाताने तंबाखू-चहा नाही, आणि लहान पोरांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. आरतीला हे पहिलं सांगितलं.

तर परवा आम्ही असं केलं. आधी सहाही ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण मागे घेतले. ते पुढे असताना ब्रॅकेट आवळलं तर उघड्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा शाफ्टला एका बाजूने उचलून धरतात आणि शाफ्ट वाकडा बसतो. प्रत्येक पुश रॉडच्या वरच्या वाटीत स्क्रूचा गोळा बसला आहे ना, हे बोट घालून चाचपलं. गोळा वाटीच्या काठावर राहिला आणि तसंच आवळलं तर पुश रॉड वाकतो. मग ब्रॅकेटचे नट मधून बाहेर, थोडे थोडे, पाळीपाळीने. एकदम एकच पूर्ण आवळायचा नाही. शाफ्टच्या टोकाला एक खाच असते, ती कशी उभी राहायला हवी हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तेल शाफ्टमधून रॉकरना मिळतं, आणि शाफ्ट फिरून बसला तर तेलाचं मोजमाप बिघडतं. आरतीने खाच स्वतः जुळवली.

मग सहा दांडींची टोकं कोरड्या फडक्याने पुसली आणि काडीने शेंदराचा पातळ थर दिला. पातळ म्हणजे खालचं लोखंड जाणवेल इतका. जाड थर दिला की सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही. गॅप अंदाजाने लावला. आरतीने क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवलं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि मिटतो. मग स्क्रू सोडून, एकेक रॉकर उचलून बाजूला घेतला आणि बॅटरी धरली.

शेंदरात नाकाने एक रेघ ओढलेली असते. नाक व्हॉल्व्हवर फक्त दाबत नाही, सरकतंही. रॉकर शाफ्टभोवती फिरतो, म्हणजे नाक एका गोलाईवर खाली येतं, आणि व्हॉल्व्ह मात्र सरळ खाली जातो. गोल आणि सरळ यांचा मेळ बसायला नाकाला दांडीच्या टोकावर थोडं घसरावंच लागतं. नाकाला गोलाई असते ती यासाठीच. ही रेघ जितकी आखूड आणि जितकी मधे, तितकं काम चांगलं.

आरती म्हणाली, "काका, म्हणजे अगदी मधोमधच पाहिजे ना?"

हा प्रश्न मला आवडला, कारण याचं उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. शाफ्टकडून बाहेर जाणारी रेघ दांडीच्या मधल्या भागात हवी, काठाला लागायला नको, हे पक्कं. पण डावी-उजवीकडे बघितलं तर बऱ्याच इंजिनांत नाक दांडीच्या मध्यापासून किंचित बाजूला ठेवलेलं असतं, आणि ते बनवणाऱ्याने जाणूनबुजून ठेवलेलं असतं. ठोकर थोडी बाजूला बसली की व्हॉल्व्ह दर वेळी किंचित फिरतो. फिरत राहिला की सीटवर एकाच जागी काजळी साठत नाही, एकच जागा तापत नाही, आणि टोकाची झीजही गोल होते. म्हणून मी नवं काही बसवायच्या आधी जुन्या व्हॉल्व्हच्या टोकावरची झीज बघतो. झीज गोल आणि एकसारखी असेल तर व्हॉल्व्ह फिरत होता, सगळं ठीक होतं. एकाच दिशेने खोबण पडली असेल तर तो जागचा हलत नव्हता. म्हणून कोणी चिमट्यात धरून सगळे रॉकर हट्टाने बरोब्बर मध्यावर आणायला लागला तर तेही चूकच. बनवणाऱ्याने दिलेली वायसरं आणि स्प्रिंगा जिथल्या तिथे गेल्या, तर रॉकर त्याला हव्या त्या जागी आपोआप उभा राहतो. आणि किंचित बाजूला असणं म्हणजे काठावर असणं नव्हे. माझ्या त्या जुन्या गड्याच्या इंजिनात नाकाची एक कड दांडीच्या बाहेर हवेत लोंबत होती.

आणखी एक. काही इंजिनांत रॉकर डावे-उजवे वेगळे असतात. नाक सरळ नसून एका अंगाला वळलेलं असतं. धुताना सगळे एका परातीत टाकले आणि मनाला येईल तसे ओवले की गडबड झालीच. शिवाय रॉकर सारखे दिसले तरी प्रत्येकाचं नाक आपापल्या व्हॉल्व्हशी झिजून जुळलेलं असतं. आम्ही आता जुन्या सायकलच्या स्पोकमध्ये उतरवल्या क्रमाने ओवून ठेवतो: सर्क्लिप, वायसर, रॉकर, स्प्रिंग, ब्रॅकेट, अगदी शाफ्टवर असतील तशी. स्पोकसकट डिझेलमध्ये बुडवून ब्रशने धुवायचं. ही युक्ती आरतीची. मी आजवर वहीच्या कागदावर नंबर घालून मांडत होतो, आणि डिझेलने कागद भिजला की नंबरही जायचे.

परवाच्या सहा रेघांपैकी पाच मनासारख्या आल्या. दुसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हवरची मात्र बाजूला नव्हे, शाफ्टच्या दिशेला सरकलेली होती, जवळजवळ काठापर्यंत. आरतीने वायसर तपासलं, स्प्रिंग तपासली, दोन्ही ठीक. ती म्हणाली, "मग ब्रॅकेट?" ब्रॅकेटही ठीक होतं.

रेघ कुठल्या दिशेने हलली यावर बरंच कळतं. डावीकडे-उजवीकडे हलली असेल तर दोष शाफ्टवरच्या मांडणीत शोधायचा. शाफ्टकडे किंवा शाफ्टपासून दूर हलली असेल तर दोष उंचीत असतो. आणि रेघ एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पुसट अशी पाचरीसारखी आली तर रॉकर कलतोय, म्हणजे त्याच्या भोकातली नळी, बुश, गेलंय किंवा शाफ्टला खालून खड्डा पडलाय. रॉकर शाफ्टवर धरून आडवा हलवला की हाताला लगेच कळतं.

इथे उंची होती. या हेडच्या सीटा शहरातल्या एका वर्कशॉपमधून कापून आणल्या होत्या. त्या एका व्हॉल्व्हची सीट बाकीच्यांपेक्षा खोल कापली गेली होती. सीट खोल गेली की व्हॉल्व्ह आत बसतो, आणि आत बसला की दांडी वर तेवढीच जास्त बाहेर येते. रॉकरचा तो हात वर उचलला जातो, कोन बदलतो, आणि नाक टेकायची जागा सरकते. ॲडजस्टिंग स्क्रू फिरवून गॅप बारावर आणता येतो, त्यामुळे गेजला यातलं काहीच दिसत नाही. स्क्रूने गॅप बदलतो. नाक दांडीवर कुठे टेकावं, हे स्क्रूच्या हातात नाही.

अशा वेळी सोपा उपाय म्हणून काहीजण दांडीचं टोक ग्राइंडरवर धरतात. थोडं, अगदी केसभर, सरळ धरून आणि थंड ठेवून घासलं तर चालतं. पण टोकाचा कडकपणा फक्त वरच्या कातडीपुरता असतो. ती कातडी गेली की खालचं लोखंड मऊ, आणि मग रॉकर त्यात महिन्याभरात खड्डा करतो. नाकाचंही तसंच, तेही वरवरच कडक असतं. शिवाय नाक सपाट घासलं की गोलाई जाते आणि मग घसरायच्या ऐवजी ते कडेने खरवडतं. मी अण्णांना फोन लावला आणि सांगितलं की एक सीट बदलून घ्यावी लागेल, एक दिवस जास्त लागेल.

अण्णा गप्प झाले. कारखान्याची मोळी पडून, म्हणजे गाळप सुरू होऊन, आठवडा झाला होता, बीडची टोळी त्यांच्या फडात कोपी घालून बसली होती. "मिस्त्री, चालणारच नाही का तसं?"

"चालेल अण्णा. फेब्रुवारीपर्यंत चालेल, मग मधेच बसेल."

"मग बदला," म्हणाले. मला बरं वाटलं. पंधरा वर्षांपूर्वीच्या गड्याला हा फोन करायची माझी पात्रता नव्हती, कारण मी बघितलंच नव्हतं.

काल सकाळी हेड परत उतरवून नवी सीट इन्सर्ट बसवून आणली. व्हॉल्व्ह हेडच्या पातळीखाली किती बसतो हे या वेळी डेप्थ गेजने सहाही ठिकाणी मोजून मगच हेड ताब्यात घेतलं. हे परवाच करायला हवं होतं, आणि ते राहिलं ही चूक माझी. संध्याकाळी परत तोच सगळा विधी: स्क्रू मागे, ब्रॅकेट मधून बाहेर, शेंदूर, दोन फेऱ्या. सहा रेघा. सहाव्या टोकावर बॅटरी धरून आरती म्हणाली, "आली मधे," आणि मी स्वतः वाकून बघितलं तेव्हा कुठे फडक्याने शेंदूर पुसला.

मग आता गेज. फायरिंग ऑर्डर 1-2-3, म्हणजे क्रँक 240 अंशांनी फिरवत गेलं की एकेक सिलिंडर पाळीने कॉम्प्रेशनच्या टोकाला येतो आणि त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे मिळतात. तिथे 0.30 लावायचा. इथेही आरतीला एक गोष्ट दाखवली. कपाटात एक जुना टाकलेला रॉकर आहे, त्याच्या नाकाला झिजून खळगा पडलेला. त्याच्या नाकावर गेजची पट्टी ठेवली आणि उजेडाकडे धरलं. पट्टी खळग्याच्या दोन काठांवर आडवी पडली, खाली उजेड दिसत होता. दांडीचं टोक त्या खळग्यात शिरलेलं असतं, पट्टी मात्र काठांवर टेकते. गेज म्हणणार बारा, खरा गॅप त्यापेक्षा खळग्याएवढा जास्त. अशा इंजिनाची टकटक गॅप लावून कधीच जात नाही. लोक मग वैतागून गॅप कमी करत नेतात, आणि एक दिवस गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, जळतो. तिने तो रॉकर दोनदा फिरवून बघितला, मग आपल्या सहा रॉकरांची नाकं एकेक करून नखाने तपासली.

कव्हर न लावताच इंजिन चालू केलं. हे मी नेहमी करतो, कमी फेऱ्यांवर, दोन-तीन मिनिटं. या इंजिनात रॉकरकडे तेल ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेपेक्षा, गॅलरीपेक्षा, कमी दाबाने जातं, त्यामुळे फवारा उडत नाही, नुसतं पाझरतं. पहिल्या सिलिंडरच्या रॉकरवर तेल चमकलं. मग दुसऱ्या. तिसऱ्याचा शेवटचा रॉकर, जिथे माझं ते वायसर राहिलं होतं त्याच जागेचा, अजून कोरडा होता. अण्णा नारळ हातात घेऊन दारात उभे होते, त्यांनी विचारलं, "झालं का?" मी हात वर केला. आरती बॅटरी घेऊन वाकलेलीच होती. मिनिटभर गेला असेल. मग त्या शेवटच्या रॉकरच्या बुशाच्या कडेला तेलाचा एक थेंब फुगला, नाकावरून ओघळला आणि दांडीच्या टोकावर उतरला.

"आलं काका," ती म्हणाली, आणि कव्हर घ्यायला वळली.